‘थकवा’ या शब्दाचे वाचन : दीर्घकालीन थकव्यावरील संशोधन आणि रुग्णाची बाजू

प्रस्तावना :

आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे हे सर्वमान्य आहे; परंतु आजार वैद्यापर्यंत पोहोचतो तो भाषेच्या मार्गाने, याचा मात्र सहसा विसर पडतो. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, हाड मोडले तर ते क्ष-किरणाच्या छायाचित्रात दिसते. थकवा मात्र केवळ सांगता येतो. त्यामुळे थकव्यावरील कोणतेही संशोधन हे मूलतः रुग्णाने उच्चारलेल्या एका वाक्याचे वाचन असते. ते वाक्य कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले, त्यातील कोणता भाग नोंदवला गेला आणि कोणता गळला, हे पाहणे म्हणजे संहितेचीच चिकित्सा होय. साहित्याच्या अभ्यासकाने वैद्यकीय शोधनिबंधाकडे वळण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रस्तुत लेखात गोव्यातील स्त्रियांच्या दीर्घकालीन थकव्यावरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे वाचन केले आहे. ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराच्या संशोधनाचा पाश्चात्त्य इतिहास त्याच्या शेजारी ठेवून पाहिला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : संशोधनाने ‘थकवा किती दिवसांपासून आहे’ हे दीर्घकाळ विचारले, ‘श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते’ हे फार उशिरा विचारले. रुग्ण मात्र आरंभापासून या दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत होते.

क्रियापदांत दडलेला उपचार :

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, सोलापूर–वाडी लोहमार्गावरील आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले बाजारपेठेचे गाव. येथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एका गल्लीत, पुष्कळदा एका घरात नांदतात. थकलेली बाई शेजारणीला ‘अंगात त्राण नाही’ असे सांगते, घरात कन्नडमधून ‘सुस्तु’ म्हणते आणि दवाखान्यात गेल्यावर तीच गोष्ट ‘विकनेस’ होते. शब्द तीन, श्रोते तीन, आणि प्रत्येक श्रोत्याच्या समजुतीप्रमाणे वाक्याला पडणारी मुरड वेगळी.

मराठीत या अनुभवासाठी शब्दांची वाण नाही. शीण, थकवा, अशक्तपणा, मरगळ, ग्लानी असे अनेक शब्द आहेत. मात्र या शब्दांना जोडून येणारी क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. शीण ‘उतरतो’. अशक्तपणा ‘भरून निघतो’. मरगळ ‘झटकता’ येते. म्हणजे प्रत्येक शब्दाच्या पोटात त्यावरचा उपाय आधीच ठरलेला आहे. शीण आला तर झोप घ्यावी. अशक्तपणा आला तर खुराक, टॉनिक किंवा सलाईन घ्यावे. मरगळ आली तर मन खंबीर करावे. शेवटच्या शब्दात तर रुग्णावरचा ठपकाही आहे, कारण जी झटकता येते ती न झटकणे हा रुग्णाचा दोष ठरतो.

ज्या आजाराचा येथे विचार करावयाचा आहे तो या तिन्ही क्रियापदांत बसत नाही. रुग्ण एखादे साधे काम करतो. चार बादल्या पाणी भरतो, बाजाराला जाऊन येतो किंवा तासभर हिशेब लिहितो. त्या वेळी कदाचित विशेष काही होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मात्र शरीर कोसळते. अंगात कणकण येते, प्रकाश आणि आवाज सोसवत नाही, बोलताना शब्द सापडत नाही, आणि रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखे वाटत नाही. हा थकवा विश्रांतीने उतरत नाही, खुराकाने भरून निघत नाही आणि इच्छाशक्तीने झटकला जात नाही. त्याच्यासाठी भाषेत क्रियापद नाही. म्हणूनच तो सांगणे कठीण आणि ऐकणे त्याहून कठीण.

गोव्यातील अभ्यास : ऐकलेले आणि राहून गेलेले :

विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००५ साली प्रसिद्ध झाला. गोव्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रातून ३,००० स्त्रियांची यादृच्छिक निवड करण्यात आली. त्यांपैकी २,४९४ जणींनी सहभागास संमती दिली. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकवा असल्याचे १२.१ टक्के स्त्रियांनी सांगितले. मुलाखतीबरोबर रक्ताचा नमुनाही घेतला गेला. कमी शिक्षण, घरावरचे कर्ज, उपासमार, मानसिक अस्वास्थ्य आणि नवऱ्याकडून होणारी हिंसा, विशेषतः लैंगिक हिंसा, यांच्याशी थकव्याचा संबंध आढळला. रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी मात्र तसा संबंध आढळला नाही.

या शेवटच्या निष्कर्षाचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. रक्तक्षय इतका व्यापक असल्यामुळे थकलेली बाई दिसली की ‘रक्त कमी आहे’ हे उत्तर तयारच असते. रक्तवाढीच्या गोळ्या आवश्यक आहेत याविषयी दुमत नाही. परंतु गोळी दिली म्हणजे तिच्या वाक्याला उत्तर दिले, असे होत नाही. गोव्यातील अभ्यासाने हे दाखवले आणि त्याचबरोबर उपास, कर्ज आणि मारहाण या गोष्टींना थकव्याच्या शेजारी जागा दिली, हे त्याचे मोठे श्रेय होय. डोळ्याची पापणी ओढून बाईला गोळ्यांची पुडी देणाऱ्या व्यवस्थेपेक्षा या संशोधकांनी तिचे म्हणणे निश्चितच अधिक ऐकले.

तरीही रुग्णाच्या बाजूने वाचताना या निबंधाविषयी तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न काळाच्या क्रमाचा. पाहणी एका वेळची असल्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे तिच्यातून कळत नाही. उपासमारीमुळे आणि मारहाणीमुळे स्त्री थकते हे खरे आहे. पण सहा महिने थकलेल्या स्त्रीची मजुरी बुडते, मजुरी बुडाली की कर्ज होते, काम उरकत नाही म्हणून घरात बोलणी आणि मार खावा लागतो, आणि या सगळ्याने तिचे मन खचते, हेही तितकेच संभवनीय आहे. संशोधक ‘संबंध’ हाच शब्द वापरतात, ‘कारण’ म्हणत नाहीत. वाचणारे मात्र पुष्कळदा ‘संबंध’ वाचतात आणि ‘कारण’ ऐकतात. त्यात नैराश्य मोजणाऱ्या सर्वपरिचित प्रश्नावल्यांत थकवा हाच एक प्रश्न असतो. हे विसरले तर थकव्यावरून नैराश्य ठरवायचे आणि नैराश्याने थकव्याचा उलगडा करायचा, असे वर्तुळ तयार होते.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. या अभ्यासात थकव्याची कसोटी काळाच्या लांबीची आहे : सहा महिने. थकव्याचा आकार, म्हणजे तो श्रमानंतर कसा वागतो, किती उशिराने येतो, विश्रांतीला दाद देतो की नाही, ही त्या कसोटीची अट नाही. निबंध दीर्घकालीन थकव्याच्या तक्रारीविषयी आहे, ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या विशिष्ट आजाराविषयी नाही, आणि आपल्या विषयाशी तो प्रामाणिक आहे. परंतु परिणाम असा होतो की, त्या १२.१ टक्क्यांत उपाशी बाई, खचलेली बाई, मार खाणारी बाई आणि श्रमानंतर कोसळणारी रुग्ण एकाच ओळीत उभ्या राहतात. त्यांपैकी चौथी किती, हे त्या ओळीकडे पाहून सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न तपासणीचा आहे, आणि त्यासाठी गडचिरोलीकडे वळावे लागते. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली होती. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक विकार आढळले. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. सांगितलेल्या दुखण्यापेक्षा न सांगितलेले दुखणे अधिक होते, आणि ते कोणी पाहिले नव्हते म्हणून ‘नव्हते’. गोव्याच्या अभ्यासात हिमोग्लोबिन पाहिले गेले आणि तेथे उत्तर सापडले नाही. हे उत्तर महत्त्वाचे आहे. परंतु रक्तातील एका घटकात काही सापडले नाही याचा अर्थ शरीरात काही नाही असा होत नाही. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर त्यांतून एकच सावधगिरी निघते : ‘सगळे रक्तात आहे’ हे जसे घाईचे विधान, तसेच ‘सगळे मनात आहे’ हेही घाईचेच.

व्याख्येचा प्रवास :

ही घाई केवळ आपल्याकडची नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळपास ३०० कर्मचारी एका अनाकलनीय आजाराने ग्रासले गेले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. पुढे या प्रकारच्या आजाराला ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हे नाव मिळाले आणि १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मज्जासंस्थेच्या आजारांत त्याची नोंद झाली. १९७० मध्ये मात्र मॅकएव्हडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदींच्या आधारे ही साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता असे मत मांडले. आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. ज्यांच्या वाक्यांचा अर्थ लावला जात होता त्यांना पुन्हा भेटून विचारण्याची गरज त्यांना भासली नाही.

१९८८ साली अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव रूढ करण्यात आले. या नावाने रुग्णांचे मोठे नुकसान केले. जे लक्षण प्रत्येकाला कधी ना कधी असते तेच आजाराचे नाव झाल्यामुळे ‘आम्हीही थकतो’ हे उत्तर प्रत्येकाच्या ओठावर आले. १९९१ च्या ऑक्सफर्ड निकषांत सहा महिन्यांचा थकवा हेच प्रमुख लक्षण होते. १९९४ च्या निकषांत श्रमोत्तर अस्वास्थ्य आठ पूरक लक्षणांपैकी एक म्हणून आले. आठांपैकी कोणतीही चार असली तरी पुरेसे, म्हणजे ते नसले तरी निदान होऊ शकत होते. २००३ च्या कॅनडातील निकषांनी ते अनिवार्य केले आणि २०१५ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानेही तेच केले. रुग्ण ज्या गोष्टीपासून आपली हकिगत सुरू करत होते ती व्याख्येच्या केंद्रस्थानी यायला अशी अनेक दशके लागली.

व्याख्येतील ही उणीव केवळ शब्दांपुरती नव्हती. ब्रिटनमधील ६४१ रुग्णांवरील ‘पेस’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. चाचणीसाठी रुग्णांची निवड ऑक्सफर्ड निकषांनी झाली होती. क्रमाक्रमाने वाढवत नेलेला व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार यांनी रुग्ण सुधारतात, आणि २०१३ च्या पुढील निबंधानुसार सुमारे २२ टक्के बरे होतात, असे सांगण्यात आले. रुग्णांनी हे निबंध ओळ न् ओळ वाचले. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापनात चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी ६५ किंवा त्याहून कमी गुण असणे आवश्यक होते. आणि ‘बरे झाले’ ठरण्याच्या अनेक निकषांपैकी या मापनावरचा निकष ६० गुणांचा होता. म्हणजे या एका मापनापुरता तरी रुग्ण थोडा खालावला तरी बरा ठरू शकत होता. मूळ आराखड्यातील निकष मध्येच सैल केले गेले होते. ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने माहितीच्या अधिकाराखाली आकडेवारी मागितली. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने ती देण्याचा आदेश दिला. मूळ निकष लावून पाहता बरे होणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले. चाचणीच्या संशोधकांनी ही टीका मान्य केलेली नाही. परंतु ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये असे स्पष्ट केले.

या प्रकरणात वाचनकौशल्याचा विजय आहे असे म्हणावेसे वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी, तासाभराच्या वाचनाची किंमत दोन दिवसांच्या वेदनेने मोजून, एका प्रतिष्ठित नियतकालिकातील संहितेतील विसंगती दाखवून दिली. त्यानंतर संशोधनाची रीतही हळूहळू बदलत आहे. ‘डिकोडएमई’ या ब्रिटनमधील जनुकीय अभ्यासाच्या आखणीत रुग्ण सहभागी होते. श्रमोत्तर अस्वास्थ्य हा त्यात निवडीचा आवश्यक निकष होता. १५,५७९ रुग्णांच्या माहितीवर आधारलेले त्याचे प्राथमिक निष्कर्ष ऑगस्ट २०२५ मध्ये पुढे आले आणि जनुकसंचातील आठ ठिकाणी रुग्ण व इतर यांच्यात फरक आढळला. कोविडनंतर दीर्घकाळ राहणाऱ्या आजाराला ‘लाँग कोविड’ हे नावही २०२० मध्ये रुग्णांनीच दिले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी हेच श्रमोत्तर कोसळणे वर्णन केले.

विश्रांती कोणाला परवडते :

येथे रुग्णांच्या चळवळीलाही एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. आपल्या शक्तीचा अंदाज घेऊन तिच्या मर्यादेतच काम करावे, कोसळण्याच्या आधीच थांबावे, हा त्या चळवळीने अनुभवातून मिळवलेला उपाय आहे. तो योग्यच आहे. परंतु थांबण्यासाठी आपल्या जागी दुसरे कोणीतरी चालावे लागते. खुरपणीला जाणारी, ज्वारीच्या काढणीला जाणारी किंवा सोलापुरात घरी बसून विड्या वळणारी बाई हजार विड्यांच्या हिशेबाने किंवा दिवसाच्या रोजावर जगते. तिने अर्ध्यात थांबावे हा सल्ला म्हणजे अर्ध्या मजुरीवर जगावे हा सल्ला ठरतो. गोव्याच्या अभ्यासातील कर्ज आणि उपासमार येथे पुन्हा आठवते. हे घटक आजाराचे मूळ असोत वा नसोत, आजारी बाईला आजारी राहू देण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे तेच ठरवतात. या ठिकाणी पाश्चात्त्य रुग्णांचे साहित्य अपुरे पडते आणि गोव्याचा निबंध त्याच्या पुढे जातो.

मराठीत रुग्णाच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकांचा विचार करता डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक सहज आठवते. संशोधक असलेला डॉक्टर स्वतः रुग्ण झाल्यावर काय पाहतो, हे वाचण्यास मराठी वाचक किती उत्सुक होता हे त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेवरून दिसले. मात्र हृदयरोग्याच्या हाती आलेख असतो, तपासणीचा अहवाल असतो. त्याच्या आजारपणावर कोणी शंका घेत नाही. थकव्याच्या रुग्णाला पहिली लढाई आजाराशी नव्हे, तर आपण आजारी आहोत हे पटवून देण्याची करावी लागते. तिच्याकडे पुरावा म्हणून केवळ आपले वाक्य असते. म्हणून त्या वाक्याची नोंद नीट होणे हा तिच्या दृष्टीने शैलीचा नव्हे, तर उपचाराचा प्रश्न आहे. ‘रोज फिरायला जा, मन रमव’ हा सल्ला नैराश्याने ग्रासलेल्या बाईला उभारी देऊ शकेल. तोच सल्ला श्रमानंतर कोसळणाऱ्या बाईला अंथरुणात ढकलू शकेल. आणि ‘पडून राहा’ हा सल्ला उपाशी बाईची थट्टा ठरेल. तिघींचे पहिले वाक्य मात्र एकच असेल : अंगात त्राण नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, दीर्घकालीन थकव्यावरील संशोधनातील मोठी उणीव यंत्रांची किंवा निधीची असेलच, परंतु त्याआधी ती प्रश्नाच्या मांडणीची आहे. गोव्यातील अभ्यासाने थकव्याला रक्ताच्या चौकटीतून बाहेर काढून बाईच्या जगण्याशी जोडले. पाश्चात्त्य रुग्णांनी त्याला मनाच्या चौकटीतून बाहेर काढून शरीराच्या दुसऱ्या दिवसाशी जोडले. आपल्या भागात या दोन्ही गोष्टी एकत्र विचारणारे संशोधन व्हावयास हवे. त्यासाठी आरंभी मोठी प्रयोगशाळा लागणार नाही. गावोगावी फिरणाऱ्या आशाताईंच्या नोंदवहीत ‘कधीपासून?’ या प्रश्नाच्या खाली आणखी तीन प्रश्न वाढवता येतील : काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते? झोपून उठल्यावर बरे वाटते का? आणि तुम्ही पडून राहिलात तर घरचे काम कोण करते?

हे प्रश्न मराठीत विचारता येतात, कन्नडमध्येही विचारता येतात. त्यांची उत्तरे देण्यासाठी बाईला ‘विकनेस’ हा परका शब्द उसना घ्यावा लागणार नाही. तिच्याजवळ उत्तर आहेच. ते नोंदवून घेण्याची तयारी संशोधनाने दाखवावी, एवढीच रुग्णाची मागणी आहे.